रिकाम्या बंगल्यातला गारवा

माझे मिस्टर तेलाच्या कंपनीत कारकून होते. कतारमधल्या दुखानच्या वसाहतीत घर मिळायचं ते कामावर नाही, कातडीवर. गोऱ्या साहेबांना टेकाडावर बंगले. आम्हा हिंदी-पाकिस्तानी कारकुनांना खाली पत्र्याच्या खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक नळ. ज्यांची ती जमीन, ते कतरी मजूर तर तंबूंत.

रत्नागिरीहून मी तिथे गेले ती ऐन उन्हाळ्यात. शेजारची कराचीची भाभी पोटुशी होती. एका दुपारी ती नळावरच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. खोलीत नेऊन काय करणार? आत भट्टी! जवळच्या बंगल्यातला साहेब रजेवर विलायतेला गेला होता, तरी आतलं गार हवेचं मशीन चालूच. का, तर लाकडी सामान तडकू नये! मी आणि आणखी एका बाईने भाभीला उचलून तिथे नेलं. बलुची चौकीदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने दार उघडलं.

भाभीने डोळे उघडले न उघडले तोच घरं वाटणारा गोरा अधिकारी आला.

"ये युरोपियन क्वार्टर है. बाहर!"

"साब, ये औरत मर जाती," मी म्हटलं.

"रूल इज रूल."

"कुर्सी को ठंडा होना, औरत को नहीं?"

त्याने आम्हाला बाहेर घालवलं. चौकीदाराला तर तिथल्या तिथे कामावरून काढलं.

घरी मिस्टर घाबरले. "बोटीत बसवून परत पाठवतील आपल्याला."

"पाठवू देत. तिथे निदान सावली तरी आहे."

सकाळी मात्र ते कचेरीत न जाता तिच्या दाराबाहेर उभे राहिले. भाभीचा नवरा आला, मग बाकीचे कारकून, मग कतरी ड्रायव्हरही गाड्या सोडून आले. संपाच्या तिसऱ्या दिवशी कंपनी नमली. आम्हाला पंखे आणि आणखी दोन नळ मिळाले, तंबूंच्या जागी मजुरांना पक्क्या खोल्या कबूल झाल्या. चौकीदाराला परत घ्या, ही एकच मागणी कंपनीने ऐकली नाही.

भाभीला मुलगी झाली, सुखरूप. पुढे मिस्टर एका गोऱ्याच्या जागेवर बसले, त्याचंच काम करू लागले. बंगला मागितला, तर उत्तर आलं, "तुमच्या लोकांना तिथे करमणार नाही."

मिस्टर हसले. मला अजून हसू येत नाही.