सुरुंगाआधीची शिटी

दुष्काळाच्या साली मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आमचं घर नगरजवळ भिंगारला, वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. कर्जत तालुक्यातल्या एका गावी माझी मावशी शाळेत शिक्षिका होती. तिनं निरोप धाडला : गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालंय, बायका लहान पोरं बांधावर ठेवून माती वाहतात, त्या पोरांना सांभाळायला कुणीतरी हवंय. वडील म्हणाले, "जा. घरात बसून तरी काय करणार आहेस?" मी एक ट्रंक घेऊन एसटीनं गेले.

कामाच्या एका टोकाला तट्ट्यांची छपरी उभारलेली होती. तीच माझी जागा. आत एक पाण्याचा पिंप, दोन घोंगड्या आणि बाहेर लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळ्या. सकाळी बाया पोरं सोडून जात, दुपारी पाजायला येत, संध्याकाळी घेऊन जात. मुलांना खायला सरकारी सुकडी मिळायची. ती वाटणं, नाकं पुसणं, भांडणं सोडवणं, गाणी म्हणणं, यात माझा दिवस जाई. मुलांना कसं वाढवतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटा भाऊ कडेवर घेऊन फिरले होते, तेवढंच.

तलावातलं जादा पाणी काढून द्यायच्या सांडव्याला कातळ लागला होता. तो फोडायला दुपारी सुरुंग लावत. पहिल्या दिवशी तो आवाज झाला तेव्हा माझ्याच हातातलं भांडं खाली पडलं. तान्ही पोरं किंचाळली, मोठी मला येऊन बिलगली. एक मुलगी मात्र रडली नाही. ती पाचेक वर्षांची असेल. ती पिंपामागे जाऊन भिंतीशी तोंड करून उकिडवी बसली, आणि तिच्या परकराखाली ओल पसरत गेली. मी जवळ गेले तर तिनं अंग आणखी चोरून घेतलं.

तिला रोज तिची आजी आणून सोडायची. आजी खडी फोडायला बसे. मी विचारलं तेव्हा आजीनं पोरीला पुढं पाठवलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, "हिचा बाप गावातल्याच हिरीच्या कामावर गेल्ता. सुरुंगाचा दगड लागला. पायाचं हाड मोडलं, डोळा गेला. नगरला दवाखान्यात हाय. माझी सून त्याच्यापाशी हाय. पोरीला आमी सांगितलंय, आई-बाप बाजारला गेल्यात."

"कधीपासून?"

"झाला की महिना." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "लेकराला काय सांगायचं, बाई? तिला काय कळतं?"

मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं. मी मुलांना सांगून टाकलं, की तो आवाज ढगाचा आहे, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज झाल्याबरोबर चार-पाच पोरं आनंदानं बाहेर पळाली. वर्षभर पाऊस न पाहिलेली पोरं ती. कपाळावर हात धरून त्यांनी सगळं आभाळ धुंडाळलं आणि परत येऊन एकानं मला सुनावलं, "बाई, ढग न्हाईच!" त्यानंतर मी आणखी काही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

त्या रात्री मला भिंगारचा भोंगा आठवला. आदल्याच वर्षी युद्ध झालं होतं. भोंगा वाजला की दिवे मालवायचे, खिडक्यांना काळे कागद. पहिल्या वेळी धाकटा भाऊ थरथरत होता. मग वडिलांनी त्याला सरावाच्या भोंग्याआधीच मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आता वाजेल. मोठा वाजेल. मग आपण दिवा मालवू. तूच मालव." नंतर तो भोंग्याची वाट बघत स्टुलावर उभा राहायचा.

सुरुंग लावणारा माणूस उंच, काळा, मोठ्या मिशांचा होता. पोरं त्याला लांबूनच भीत. मी त्याला म्हटलं, "मामा, एकदा छपरीत या. तुम्ही काय करता ते पोरांना सांगा."

"पोरांस्नी?" तो हसला. "येतो की."

तो आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला, तेव्हा कुठं मुलांना तो आपल्याएवढा वाटला. त्यानं पहार दाखवली, हातावरचे घट्टे दाखवले. "आधी भोक पाडायचं. मग त्यात दारू भरायची. मग ह्यो मुकादम शिटी वाजवतो. शिटी वाजली की समदी मानसं लांब पळत्यात. मी लाल फडकं हलवतो, वात पेटवतो आन् मी बी पळतो. मग आवाज."

"तुमी लई जोरात पळता?" एकानं विचारलं.

"लई!" तो उठून छपरीभोवती पळून दाखवू लागला. पोरं त्याच्यामागे. मग तोच आमचा खेळ झाला. मी शिटी वाजवायची, पोरांनी घोंगडीमागे पळायचं, कान झाकायचे, आणि एकानं डब्यावर दणका घालायचा. दुपारी खरी शिटी ऐकू आली की पोरं आपणहून घोंगडीमागे जाऊन बसत. आवाज झाला की ओरडत, "फुटला!"

ती मुलगी खेळात आली नाही. पिंपामागून बघत राहायची. पाणीसुद्धा मागायची नाही. भांड्याला हात लावायची नाही, मी ओठाला लावलं तरच प्यायची. पण एके दिवशी आवाज झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि तिनं पहिल्यांदा मला काही विचारलं.

"आवाज झाल्यावर मानसं कुटं जात्यात?"

तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हा उमगलं. मी तशीच आजीकडे गेले.

"आजी, हिला खरं सांगा."

आजीनं हातोडी खाली ठेवली. "मी सांगाया गेले तर मलाच रडू येईल."

"येऊ दे. मी बसते बरोबर."

दुपारच्या सुट्टीत आजी छपरीत आली. पोरीला समोर बसवलं. मग एका दमात बोलली, "तुझा बाप बाजारला न्हाई गेला. त्याला दगड लागला. नगरला दवाखान्यात हाय. आई त्याची सेवा करतीया."

"मेला?"

"न्हाई गं माझे माय! जित्ता हाय. भाकर खातो."

पोर म्हणाली, "मंग आई माझ्यावर रागावून न्हाई गेली?"

"तुझ्यावर कशापायी रागावंल?"

"मी घागर सांडली हुती."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या दिवशी अपघात झाला त्या सकाळी आईनं लांबच्या विहिरीवरून आणलेली घागर पोरीच्या धक्क्यानं कलंडली होती. आई तिला बोलली होती, पाठीत धपाटाही घातला होता. मग दुपारी तो आवाज, माणसांची पळापळ, आणि आई गेली ती गेलीच. पाण्याची ती एक घागर पोर महिनाभर डोक्यावर वागवत होती. आजीनं तिला पोटाशी ओढलं. दोघी रडल्या. मी बाकीची पोरं घेऊन बाहेर लिंबाखाली गेले.

कामाला सुट्टी होती त्या दिवशी मी घरी निघालेच होते. नगरच्या दवाखान्यात जायला आजी आणि पोर माझ्याबरोबर एसटीत बसल्या. वाटेत आजीनं तिला आणखी सांगितलं : बापाच्या डोळ्याला पट्टी आहे, पाय पांढऱ्या प्लॅस्टरात आहे, बघून भ्या वाटेल. पोर मान डोलवत होती.

तरीही खाटेजवळ गेल्यावर ती आईच्या मागे दडली. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा म्हणाले, "जा की गं बापाकडं, अशी काय करती?" तिची आई पटकन म्हणाली, "असू द्या बाबा. येईल तिची ती." आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पोर तिच्या मांडीत शिरली. मग पुटपुटली, "घागर..."

"कंची घागर?" आईनं विचारलं. तिला खरोखरच आठवत नव्हतं.

पोरीनं तिचं तोंड नीट निरखलं. मग उठली, खाटेच्या पायथ्याशी गेली आणि प्लॅस्टरातून बाहेर आलेल्या बापाच्या पायाच्या बोटांना हात लावला. बापानं बोटं हलवली. तिनं हात मागे घेतला, पुन्हा लावला.

"शिटी वाजली न्हवती का?" तिनं विचारलं.

"वाजली हुती," बाप म्हणाला. "पळालो बी. जरा कमीच पळालो."

ती हसली नाही. पण मग खाटेच्या कडेला बसली आणि आजीनं आणलेली भाकरी त्याला तुकडे करून देऊ लागली.

परत आल्यावर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. कधी कधी ती अजूनही पिंपामागे जायची, एक-दोनदा परकर ओला झाला. आजीला आता कामावर जाताना तिला सांगून जावं लागे, आणि सांगितल्याप्रमाणे दुपारी यावंच लागे; उशीर झाला तर पोर दारात उभी. पण ती खेळात आली. डब्यावर दणका घालायचं काम तिनं मागून घेतलं.

उन्हाळ्याच्या शेवटी आई-बाप घरी आले. आई पाट्या वाहायला लागली. बापाला ते जमणारं नव्हतं, म्हणून तो काठी टेकत छपरीत येऊन बसायचा आणि वाखाची दोरी वळत राहायचा. पहिल्या दिवशी एका पोरानं थेट विचारलं, "तुमचा डोळा कुटं गेला?" बाया त्याला दटावू लागल्या. बाप म्हणाला, "इचारू द्या." त्यानं सांगितलं. पोरांनी ऐकलं, मग आपापल्या खेळाला लागली. त्यांचं समाधान झालं होतं.

पावसाला सुरुवात झाली तसं काम बंद झालं आणि मी भिंगारला परतले. पुढे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. कुणाची आई वारली, कुणाचं गाव सुटलं, कुणाचा बाप घर सोडून गेला. मोठी माणसं दारातच खुणेनं सांगत, पोराला काही ठाऊक नाही म्हणून. पोराला बहुतेक सगळं ठाऊक असे. आणि जे ठाऊक नसे त्या जागी त्यानं स्वतःचाच काहीतरी गुन्हा बसवलेला असे. तो नेमका कोणता, हे विचारायला मी शिकले. विचारून मग गप्प बसायला शिकायला मात्र जास्त वर्षं लागली.

ती मुलगी मावशीच्या शाळेत पहिलीत बसली. दिवाळीला मावशी आमच्याकडे आली तेव्हा मी तिची चौकशी केली. मावशीनं कपाळाला हात लावला. "बाई गं, एक मिनिट तोंड मिटत नाही तिचं. मी तिला खिडकीपाशी एकटीला बसवलंय, तर आता खिडकीबाहेरच्या माणसांशी बोलते."