फायबरची फुलवाली

आमच्या स्टेशनाची जुनी दगडी इमारत पाडणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं बोंब ठोकली ती मी. आता वाटतं, कशाला घसा फोडला?

आमचं गाव नाशिकच्या थोडं पुढं, मनमाडच्या बाजूला. मी गावच्या शाळेत बाई होते, पण सासर फुलं पिकवणारं. माल विकायचं काम थोरल्या जाऊबाईंचं. फुलं पहाटे तोडायची, मग घरी बसून ओवायला वेळ कुठला? गावातल्या बाया पाट्या घेऊन थेट स्टेशनात यायच्या, वेटिंग रूममध्ये फतकल मारून बसायच्या आणि पॅसेंजर येईपर्यंत हार ओवायच्या. गाडी लेट झाली तर बरंच, तेवढेच हार जास्त. नवं स्टेशन झालं ते नुसता पत्रा आणि खांब. तिथं पावसाची झड थेट पाटीत येते. म्हणून जुनी इमारत वाचायला हवी होती. दगडांच्या प्रेमापोटी नव्हे, बायांना बसायला.

मी दारोदार फिरून सह्या घेतल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी पाडायचं रद्द झालं. "संग्रहालय करू, शेजारी समाजकेंद्र करू. वास्तू तुमचीच आहे बाई," असं ते काम पाहणारे साहेब हात जोडून म्हणाले. बायांची जागा राहील ना, असं मी तोंडावर विचारलं. "म्हणजे काय!" म्हणाले. मी बावळट, गावभर पेढे वाटले.

मग एक फोटोवाला आला. त्याला हार ओवणारी बाई हवी होती. जाऊबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या, तर म्हणतो कसा, "मावशी, जरा जुनं नेसा ना." त्यांनी बिचाऱ्यांनी तेही केलं.

उद्घाटनाला आम्ही नटूनथटून गेलो. वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, जाऊबाई रोज बसायच्या तिथंच, फायबरची बाई बसवलेली. हातात सुईदोरा, पुढ्यात प्लास्टिकचा झेंडू, भोवती दोरी. जाऊबाई खूश. "अगं, माझं नाक बरं काढलंय की!" मलाही हसू आलं, खोटं का बोलू.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाट्या घेऊन बाया गेल्या, तर वॉचमननं दारातच अडवलं. पाकळ्या पडतात, ओल होते, फरशीला पॉलिश केलंय. बरं, शेजारचं समाजकेंद्र? त्याला कुलूप. हा समाज कुठला ते मला विचारू नका. साहेबांच्या ओळखीतल्यांचे वाढदिवस तिथं दणक्यात होतात. आयत्या बिळात नागोबा! मी भांडले, अर्ज केले. "बघू, बाई, बघू." बघतायत अजून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र कहर झाला. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री, आणि परतीचा पाऊस धो धो. आम्ही पाट्यांवर प्लास्टिक धरून त्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभ्या. झेंडू भिजला की काळा पडतो, मग कुत्रं विचारत नाही. "आजच्या दिवस समाजकेंद्राचा हॉल उघड रे बाबा," म्हणून मी वॉचमनला विनवलं. त्याच्या हातात काही नव्हतं, त्याला तरी काय बोलणार?

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मला वाटलं, चला, देव पावला. साहेब छत्री धरून हसत हसत आले. "बरं झालं भेटलात. उद्या इथल्या जुन्या वजनकाट्याची पूजा आहे, पाहुणे येणारेत. छान मोठे हार पाहिजेत, आणि दाराला तोरण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "कुलूप काढा. आत बसून ओवतो, हवे तेवढे घेऊन जा." त्यांनी कुणाला तरी फोन लावला, मान हलवली, आणि परवानगी नाही म्हणाले. वर, "तुम्ही समजून घ्या, तुम्ही शिकलेल्या आहात."

मी तोंड उघडणार तोच जाऊबाई बोलल्या. जन्मात कुणाला उलटून न बोललेली बाई. "साहेब, आत एक बसलीय की ओवत. लय दिवस झाले, एक हार झाला आसंल तिचा. तिच्याकडून घ्या."

साहेब आधी हसले. मग त्यांना कळलं. गाडीत बसून निघून गेले.

अर्धा माल त्या पावसात गेला. जाऊबाईंनी रात्री जेवणही नीट केलं नाही. दसऱ्याला सकाळी मी मुद्दाम तिकडून गेले. गावातल्या झाडून सगळ्या दारांना तोरणं होती, पानाच्या टपरीलासुद्धा. आणि मी वाचवलेल्या त्या इमारतीचं दार उघडंबोडकं. वाटलं होतं, बघून गार वाटेल. कसलं गार! पिशवीत आमच्या दाराचं उरलेलं हातभर तोरण होतं. वॉचमन माझ्याकडे आशेनं बघत होता. मी ते घेऊन तशीच घरी आले.