शेळीने खाल्लेली जाहिरात

गव्हाच्या खळीचा वास आला की मला आमच्या नाशिकच्या वस्तीतलं विहार आठवतं. ऐंशी सालच्या आसपास शेजारचे मास्तर पेपरातल्या कोर्सच्या जाहिराती कापून विहाराच्या भिंतीवर खळीने चिकटवायचे. नर्सिंगची जाहिरात लागल्याचं कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन पळाले, तर खळीला चटावलेली शेळी शेवटचा तुकडा चघळत होती. मास्तर गावी गेलेले, अर्जाला तीन दिवस उरलेले. मागून आई म्हणाली, "रडू नको, लिही." आणि तिने अख्खी जाहिरात घडाघडा म्हटली, अगदी पिनकोडसकट! मी भराभर वहीत उतरवून घेतली. "काल मास्तरांकडनं चारदा वाचून घेतली. मी अंगठाबहाद्दर, मला कागदाचा काय भरवसा?" मी नर्स झाले, रिटायरही झाले, पण आईला आणखी काय काय पाठ होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.