हेल्पलाइनवर गेलेला हिवाळा

बायको निवृत्त झाली तेव्हा तिनं माझ्याकडे एकच वस्तू मागितली. लॅपटॉप. मी म्हटलं, "लिवाचंच असंल तं वही काय वाईट हाये?"

"हातात पेन घेतला का मी रजिस्टरच लिवते जी," ती म्हणाली. "तारीख, नाव, गाव, वजन. मले तसं नाही लिवाचं."

तिचं बरोबर होतं. ती सरकारी नर्स. नोकरीतली बारा वर्षं जंगलात, सेमाडोहच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात गेली. मी तेव्हा अकोल्याला शाळेत गणित शिकवत होतो. शनिवारी संध्याकाळी ती यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायची. सोमवार ते शनिवार तिकडे काय घडायचं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. घरी आलेल्या माणसाला काय विचारायचं, जेवलीस का, एवढंच मला सुचायचं. आता दोघंही निवृत्त होऊन अमरावतीच्या घरात राहायला आलो होतो, आणि तिला ती बारा वर्षं लिहून काढायची होती.

लॅपटॉप अमरावतीतच घेतला. तिनं झाकणावर हळदकुंकू लावलं, मी बटण दाबलं, पडदा उजळला. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! आमच्याकडे नवीन मशीन ओळखीच्या माणसानं 'भरून' दिल्याशिवाय ते पुरं झालंय असं वाटत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं अकोल्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे, डोक्यावरचे केस माझ्यापेक्षा आधी पिकलेत त्याचे. लॅपटॉप पिशवीत घालून मी एस.टी.नं अकोला गाठलं.

"सर, कंपनीवाले अर्धीमुर्धी सिस्टिम टाकून देतात," तो म्हणाला. "मी तुमाले मोठी टाकून देतो. मराठी फॉन्टगिंट सगळं."

त्यानं होतं ते पुसलं आणि मोठी टाकली. मोठ्या श्रद्धेनं टाकली. मी खुशीत परतलो.

चार दिवसांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली. सिस्टिम ॲक्टिव्हेट करा म्हणे. मी दुर्लक्ष केलं, ती काही गेली नाहीत. ज्या दुकानातून घेतला तिथं गेलो, तर त्यांनी हात वर केले. आम्ही दिली ती पक्की होती, तुम्ही दुसरी टाकून आणलीत, आता ज्यानं टाकली त्याला विचारा. अकोल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, तसंच वापरा नं, काही होत नाही."

काही होत नाही! माझं टाळकंच सरकलं. आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांच्या बाह्या तपासल्या, आणि माझ्याच घरात चोरीची सिस्टिम? राग माझ्या नाकावरच असतो, त्याला बाहेर यायला वेळ लागत नाही. मी घरात फर्मान काढलं, ही पक्की झाल्याशिवाय कुणीही लॅपटॉपला हात लावायचा नाही. लिहिलेलं सगळं एक दिवस पुसलं जाईल. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं.

"मंग मी कवा लिवू?" तिनं विचारलं.

"थांब वं थोडी. आधी हे तं निपटू दे."

मग सिस्टिमवाल्या कंपनीची हेल्पलाइन सुरू झाली. दुपारी जेवणं उरकली की मी मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसायचो, मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. तिकडून आधी वाजंत्री. वाजंत्री संपली की एक बाई हिंदीत सांगायची की आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, आणि परत वाजंत्री. कधी माणूस लागलाच तर तो पडद्यावरचा आकडा वाचायला लावायचा. नऊ गट होते आकड्यांचे. एक आकडा चुकला की पहिल्यापासून. कधी मध्येच लाइन कट व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगावं लागायचं.

माझ्यासमोर सतरंजीवर बसून बायको तुरीच्या शेंगा सोलायची. आणि बोलायची. लिहायला मिळत नव्हतं ना, मग ती मला सांगत होती. एका कोरकू आदिवासी म्हातारीनं तिला नाळ कशी बांधायची ते पुन्हा शिकवलं, ते. लसीच्या डब्यातला बर्फ वितळू नये म्हणून ती सायकल कशी दामटायची, ते. मी हूं हूं करत मान हलवायचो. कान फोनला होता.

त्यातली एक दुपार मला नेमकी आठवते, कारण त्या दिवशी माणूस पहिल्याच झटक्यात लागला. त्याच वेळी ती म्हणाली, "सगळ्याइले वाटते का मी त्या दिवशी सुट्टीवर होती. मी सुट्टीवर नोती. तेथच होती, खोलीत." फोनवरचा माणूस म्हणाला, पहला ग्रुप बोलिए. मी सवयीनं मान हलवली आणि पडद्यावर वाकलो. नऊच्या नऊ गट न चुकता वाचले. शेवटी तो म्हणाला, सॉरी सर, ये नंबर मान्य नहीं हो रहा. मी भांडलो, वरच्या साहेबाला मागितलं, परत वाजंत्री. मान वर केली तेव्हा अंगणात फक्त टरफलं होती. ती आत गेली होती.

त्यानंतर दुपारी ती घरातच बसू लागली. ऊन सोसत नाही म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

संक्रांत झाल्यावर मी हरलो आणि लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या मुलीनं पाच मिनिटांत दुखणं ओळखलं. तुमची मूळ छोटी सिस्टिम या मशीनच्या आतच नोंदलेली आहे, ती परत टाकली की आपोआप पक्की होते. अर्ध्या तासात झालंही. पैसे देताना तिनं सहज विचारलं, "पण काका, इतके दिवस वापरला काहून नाही? लिहाले काही अडचण नोती. फक्त मागचं चित्र बदलता येत नाही."

घरी आलो आणि लॅपटॉप बायकोपुढं ठेवला. शाळेत प्रगतिपुस्तक द्यायचो तसा, मोठ्या ऐटीत. तिनं एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. मग लोणच्याचे व्हिडिओ लावले.

"लिवत नाही का?" मी आठवडाभरानं विचारलं.

"सांगाचं ते तुमाले सांगून झालं," ती म्हणाली.

महिने गेले. लॅपटॉपवर लोणची, भजनं, भाचीच्या मुलाचे फोटो. मला चुटपूट लागून राहिली. मग एका सकाळी ती बाजारात गेली असताना मीच नवी फाइल उघडली. म्हटलं, तिनं सांगितलेलं आपण लिहून ठेवू, तिला वाचायला देऊ. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, माझ्याकडे काही नाही. त्या म्हातारीचं नाव नाही, गावं नाहीत, सायकल चढावर कुठं बंद पडायची ते नाही. सुट्टीवर नव्हती, खोलीत होती, एवढीच वाक्यं धड आठवली. तीच लिहिली.

ती आली, पिशवी खाली ठेवली, चष्मा लावून पडद्याकडे वाकली.

"एवढंच लिवलं? मी तं पुरं सांगतलं होतं."

"कवा?"

"त्याच दिवशी. तुमी फोनवर होते, पण मान हालवून राहिले होते." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "एवढ्या वर्षांत कोणाजवळ बोलली नोती मी. मंग तुमी काही बोललेच नाही. ना त्या दिवशी, ना मागून. मले वाटलं, ऐकून तुमाले माहा राग आला. घीन आली."

ऐकलंच नव्हतं, एवढं सांगायचं होतं मला. पण तिची ती नजर, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी.

"नाही वं," मी म्हणालो. "राग कायचा? चुकते माणूस."

ती तिथंच खाली बसली आणि रडली. खूप वेळ रडली, मग तोंड धुऊन आली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, चहा टाकते. त्या दिवसापासून ती पुन्हा दुपारी अंगणात माझ्याजवळ येऊन बसते. मी तिला क्षमा केली असं ती मानते. कशाची केली, हे मला माहीत नाही.