मिस अर्झुलाचे तीन पाहुणे

मिस अर्झुला टॉलिव्हर ओढ्यातले दुर्मिळ शिंपले वाढवणाऱ्या सरकारी केंद्रावर पहिल्यांदा अवतरल्या, तेव्हा टाकीतली कासवं तळाला गेली, कुंपणावरचा बगळा शेजारच्या जिल्ह्यात उडून गेला, आणि एकदा नुसत्या हातांनी मगरीचा जबडा मिटवून धरणारे तिथले शास्त्रज्ञ डॉक्टर डेल हॉकेट पाण्याच्या पंपामागे जाऊन उभे राहिले. केटुरा हे आजही शपथेवर सांगते. मिस अर्झुलांच्या डोक्यावर ईस्टरची जांभळी हॅट होती. तिचा घेर एवढा की दारातून आत येताना त्यांना मान तिरकी करावी लागली, आणि तरीही हॅटनं भिंतीवरचं घड्याळ खाली पाडलं. एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात भाचीचं मनगट. भाची म्हणजे केटुरा. वय वर्षं एकोणीस, आणि त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, एवढीच इच्छा.

"इथला मालक कोण?"

"मी... म्हणजे सरकार, मॅडम," पंपामागून आवाज आला.

"सरकारनं कधी फरशी पुसली नाही वाटतं!"

डॉक्टर बाहेर आले. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, दाढीत वाळू. मिस अर्झुलांनी त्यांच्याकडे, मग टाकीकडे पाहिलं.

"हे पाणी हिरवं आहे."

"हो मॅडम. शेवाळ आहे. शिंपल्यांचं ते जेवण."

"माझ्या घरी जेवण वेगळं आणि गटार वेगळं असतं, डॉक्टर."

"हो मॅडम."

"आणि तुम्ही माझ्या पोरीला पगार देणार म्हणे. खरा? की ते 'अनुभव मिळेल' म्हणतात तसला?"

"खरा, मॅडम. दर पंधरवड्याला."

"कशाचा? शिंपले बघत बसायचा?"

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि समजावून सांगितलं, की या शिंपल्यांची पिलं जन्मली की आधी माशांच्या कल्ल्यांवर जाऊन चिकटतात, थोडी वाढतात, मगच तळाशी उतरतात. मासा मिळाला नाही तर मरतात. तो मासा गाठून देणं हे केटुराचं काम.

मिस अर्झुलांचा चेहरा जरा सैलावला. "म्हणजे दाई! अहो, मग आधी नाही का सांगायचं? माझी आजी दाई होती. तिला मात्र एका बाळामागे एक कोंबडी मिळायची, तीही म्हातारी." आणि केकचा डबा त्यांनी डॉक्टरांच्या चिखलभरल्या हातात ठेवला, पण आधी त्यांना हात धुवायला लावले. दोनदा.

या बाईंनी उभं आयुष्य गावातली शाळा धुऊन काढली होती. शिकायला त्या तिथे थोडीच वर्षं होत्या, साफ करायला बत्तीस. देवावर त्यांची श्रद्धा होतीच, पण देव दिसत नाही आणि ब्लीचचा वास लगेच येतो, म्हणून रोजचा भरवसा ब्लीचवर. भांडी, मोरी, पायऱ्या, पडदे, सगळ्यांना ब्लीच. त्यांच्या घरात झुरळ शिरलं तर ते पश्चात्ताप करून बाहेर पडे. केटुराची आई, म्हणजे मिस अर्झुलांची धाकटी बहीण, गेली तेव्हा केटुरा चार वर्षांची होती. तेव्हापासून ती मावशीकडे, आणि तिच्या सगळ्या कपड्यांचा रंग एकच होता: पूर्वी काहीतरी असावा असा.

पाण्याशी मात्र या घराचं कधी जमलं नव्हतं. मिस अर्झुला दहा वर्षांच्या असताना गावात पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांचा. कोर्टानं सांगितलं, काळ्यांनाही आत घ्या. गावानं एका आठवड्यात ट्रकभर काँक्रीट ओतून तलावच बुजवून टाकला. तुम्हालाही नको, आम्हालाही नको. त्या काँक्रीटवर पुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. अर्झुला आपली पोहायची टोपी घेऊन कुंपणाशी उभी होती, ती तशीच घरी परत आली. पुढे घरातली पोरं ओढ्याकडे नुसती वळली तरी त्या ओरडत, "अगं, पाणी आपलं नव्हे!" त्यामुळे केटुराचं हे काम म्हणजे त्या घराच्या दृष्टीनं चंद्रावर जाण्यापैकी होतं. चंद्र कोरडा तरी असतो.

आणि अशी नोकरी आमच्याकडच्या पोरांना मिळतच नसे. पूर्वी केंद्रावर उन्हाळ्यात उमेदवारी करायची तर फुकट करायची, त्यामुळे ज्याच्या बापाची बोट त्याचंच पोर तिथे दिसायचं. डॉक्टर हॉकेट वर्षानुवर्षं वरच्या लोकांपुढे नाक घासत होते, की ज्यांच्या घरातून या धंद्यात कधी कोणी आलं नाही अशा कॉलेजच्या पोरांसाठी पगाराची एक जागा द्या. शेवटी त्यांनी दिली, एकच, आणि तीही अटीवर: या उन्हाळ्यात डुक्करखुरीची पिलं माशांवर धरली, तरच जागा पुढे चालू राहील.

डुक्करखुरी हे शिंपल्याचं नाव आहे. आमच्याकडे शिंपल्यांना नावं ठेवणारे लोक शिंपल्यांवर रागावलेले असावेत. मुठीएवढा, पिवळट, खुरासारखा वाकडा शिंपला. टसकाहोमा ओढ्याखेरीज तो कुठे नव्हता, आणि ओढ्यातही शोधून शोधून तीन माद्या मिळाल्या होत्या. तिघी गाभण. त्यातली एक केटुरानं पहिल्यांदा हातात धरली तेव्हा तिनं किंचित तोंड उघडून पाणी आत ओढलं. "एवढंच," केटुरा घरी येऊन म्हणाली, "मावशी, एवढंच केलं तिनं, आणि मला रडू आलं."

"उन्हानं झालं असेल. टोपी घालत जा."

पण मावशी दर शनिवारी केक घेऊन केंद्रावर जाऊ लागल्या. तिघींना त्यांनी नावंही ठेवली, चर्चच्या गायनवृंदातल्या तीन बायकांची: युलॅली, झेनोबिया आणि ओपल. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जिथे तोंड उघडायचं तिथे मिटून बसतात." एकदा तर केटुरानं त्यांना टसकाहोमात उतरवलं. बूट-मोजे काढून, झगा एका हातात धरून, डोक्यावर हॅट तशीच. घोट्याएवढ्या पाण्यात त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. हे असं कधी घडलं नव्हतं, म्हणून डॉक्टर घाबरले.

"बरं वाटतंय ना, मिस अर्झुला?"

"थंड आहे," त्या म्हणाल्या. मग आणखी थोड्या वेळानं, अगदी हळू, "मला वाटायचं गरम असेल."

जुलैत वादळ आलं. समुद्रावरून निघालेलं, आमच्यापर्यंत येईतो दमलेलं, पण पाऊस सगळा आमच्याकडेच टाकून गेलं. ओढा केंद्रात शिरला, वीज गेली, जनरेटर पाण्याखाली. हवेचे पंप बंद म्हणजे टाक्यांतलं सगळं गुदमरणार. डॉक्टर मासे गाडीत भरून दूरच्या केंद्राकडे निघाले. शिंपल्यांना एवढा हादरा सोसणार नव्हता. गाभण मादीला धसका बसला की ती पिलं अवेळी टाकून देते. अख्ख्या गावात वीज एका जागी होती, माउंट नेबो चर्चच्या स्वयंपाकघरात. तिथला जनरेटर मयताच्या जेवणासाठी गोठवून ठेवलेल्या कोंबड्यांकरता होता. मिस अर्झुलांनी पाळकांना विचारलं नाही, कळवलं. तिघी बर्फाच्या निळ्या डब्यात, टाकीच्याच हिरव्या पाण्यात, हवेच्या छोट्या पंपासकट कोंबड्यांशेजारी राहायला आल्या.

गायनवृंदातल्या बायका बघायला आल्या. खरी झेनोबिया म्हणाली, "काय गं अर्झुला, यांचं सूप छान होईल."

"तुझं होईल आधी," मिस अर्झुला म्हणाल्या, आणि खुर्ची टाकून डब्यापाशी बसल्या. शेजारी रेडिओ.

दोन दिवस तिघी सुखात होत्या. रविवारी सकाळी केटुरा ओढ्याच्या वरच्या अंगाला निवळ पाणी आणायला गेली. जाताना मावशीला म्हणाली, "जरा लक्ष ठेव." तेवढंच म्हणाली. लक्ष ठेवणं म्हणजे काय करणं आणि काय न करणं, ते सांगायचं राहिलं. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ती परतली तेव्हा चर्चच्या पायरीवरच तिला वास आला. लहानपणापासूनचा, घरचा. आत डबा आरशासारखा लखलखत होता. पाणी काचेसारखं. तळाशी युलॅली, झेनोबिया आणि ओपल ब्रशनं घासून घासून पिवळ्याधमक केलेल्या. शेजारी मावशी, ईस्टरची हॅट घालून, प्रार्थनेला तयार.

"मावशी, पाणी बदललंस?"

"मग? रेडिओ सांगतोय नळात पुराचं पाणी शिरलंय, ब्लीचचे थेंब टाकल्याशिवाय पिऊ नका. मी आपलं सांगितलं तेवढे टाकले, आणि वर चार माझ्या मनाचे. पाहुण्यांना काय नासकं पाजू?"

"आधीचं पाणी कुठंय?"

"ओतलं. शी! वर काय तरंगत होतं सांगू, दह्याच्या कवड्या पडतात ना, तसं पांढरं. चहाच्या गाळणीनं आधी गाळून पाहिलं, जाईचना. मग म्हटलं सगळंच टाकावं." त्यांनी खाली वाकून कौतुकानं पाहिलं. "आणि आता बघ कशा शहाण्यासारख्या तोंडं मिटून बसल्यात. घरी जायचं तर स्वच्छ जायला नको?"

त्या पांढऱ्या कवड्या म्हणजे तिघींची पिलं होती. वादळाच्या धसक्यानं टाकली असतील. त्याच सकाळी डॉक्टरांनी नेलेल्या माशांपर्यंत पोचवली असती तर त्यातली काही जगलीही असती. पण ती मोरीतून कधीच निघून गेली होती. आणि तोंड घट्ट मिटलेला शिंपला शहाणा नसतो. त्याला श्वास घेववत नसतो.

केटुरानं मावशीकडे पाहिलं. घासून घासून मावशीच्या बोटांची सालं निघाली होती. आत ऑर्गन सुरू झाला.

"छान केलंस, मावशी," ती म्हणाली. "जा तू. माझी हॅट नाही, चर्चमध्ये तशी कशी बसू? मी इथेच थांबते."

मावशी गेल्या. केटुरानं तिघींना आणलेल्या पाण्यात हलवलं आणि भिंतीला टेकून बसली. भिंतीपलीकडे मावशीचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. त्या बेसूर गात, पण मनापासून.

मंगळवारपर्यंत तिन्ही शिंपल्यांनी तोंड उघडलं ते मग मिटलं नाही.

डॉक्टर हॉकेट आले. त्यांनी डबा उचलून नाकाशी नेला, शिंपल्यावरून बोट फिरवलं. एवढा स्वच्छ शिंपला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"कोणी केलं?"

"मी."

"तू?"

"मला वाटलं, घाण झालंय."

डॉक्टरांनी उन्हाळाभर मिस अर्झुलांच्या ताटलीतून केक खाल्ला होता, आणि त्या ताटलीला येणारा वास त्यांना पाठ होता. त्यांनी डबा खाली ठेवला.

"केटुरा, मी वर कळवलं की तुझ्या हातून झालं, तर ते तुझ्या नावावर राहील. कायम."

"राहू दे, सर."

"त्यांना सांगितलं तर त्या समजून घेतील."

"समजून घेईल. मग पुन्हा ओढ्यात पाय घालणार नाही." एवढं बोलून तिनं बाहीनं डोळे पुसले. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, तो चिखलानं भरलेला होता, म्हणून परत ठेवला.

त्यांनी केटुराच्याच नावानं वर कळवलं. वरून उत्तर आलं.

मिस अर्झुलांना त्यानंतरची कितीतरी वर्षं एकच गोष्ट पुरली. थँक्सगिव्हिंगला टर्की कापण्याआधी, चर्चच्या सहलीत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सुद्धा, त्या सांगत, की वादळात सगळं सरकार गळपटलं तेव्हा तीन जिवांना कोणी सांभाळलं. दर वेळी ब्लीचचे थेंब वाढत आणि वादळही वाढे. शेवटी केटुराकडे वळून विचारत,

"माझ्या पाहुण्या कशा आहेत गं?"

"मजेत आहेत, मावशी."

"पोरंबाळं?"

"ओढाभर झालीत."

"होणारच! कशा लख्ख करून पाठवल्या होत्या!"

आणि उन्हाळ्यात एखाद्या रविवारी हॅट घालून त्या टसकाहोमात घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहत, खाली बघत. "दिसत नाहीत," म्हणत. केटुरा म्हणे, "खोल असतात, मावशी."

त्या गेल्या तेव्हा माउंट नेबो चर्च भरून लोक उभे होते. पाळकांनी शिंपल्यांची गोष्ट सांगितली, कोंबड्या आणि सुपासकट. खरी झेनोबिया हसता हसता रडली. "आणि आज," पाळक म्हणाले, "त्या ओढ्यात जी पोरंबाळं खेळतायत, ती या माउलीची पुण्याई!" सगळं चर्च एका आवाजात "आमेन" म्हणालं. मागच्या बाकावर आखूड कोटात डॉक्टर हॉकेट बसले होते. त्यांचं आमेन थोडं उशिरा आलं. केटुरानं वळून पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर ते तिच्याजवळ आले. हातात केकची रिकामी ताटली होती.

"'मला वाटायचं गरम असेल,' असं म्हणाल्या होत्या," ते म्हणाले. "आठवतं?"

"हो सर."

ताटली धुवायची कोणी, यावर थोडा वाद झाला, आणि डॉक्टरांनी धुतली.

पगाराची ती जागा पुन्हा निघाली नाही. टसकाहोमात त्यानंतर डुक्करखुरी सापडलेली नाही. केटुरा आता शहराच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती घालायचं, ते ती ठरवते.