बाहेरून लावलेली पट्टी

३ नोव्हेंबरला मी हवालदारांच्या हातावर अठरा हजार चारशे साठ ठेवले. आठ घरांच्या फटी बुजवण्याची ती शेवटची मजुरी. त्यांनी पैसे न मोजता खिशात घातले. खिळेसुद्धा मोजून घेणारा हा माणूस, म्हणून मी विचारलं, "काय झालं?"

"एक पट्टी कमी आहे, भाऊसाहेब."

ते मूळचे सुतार. हवेच्या मागे लागतात म्हणून कामगारांनी त्यांना हवालदार करून टाकलं. करवतीच्या मशीनपायी डावा कान गेलेला. त्यामुळे पलीकडचा आवाज अलीकडे येतो का, हे ते भिंतीला तळहात लावून ओळखत आणि फटीतला वारा ओल्या गालाने. "आमच्या हिच्यापेक्षा भिंतींनाच जास्त गाल लावलाय मी," असं स्वतःच सांगत.

इमारतींचे नवे नियम आले तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सगळं शिकले. घरातली ऊब बाहेर जाऊ नये, शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येऊ नये, ताजी हवा मात्र येत राहावी. "म्हणजे नाक दाबायचं आणि श्वासही घ्यायचा," हवालदार म्हणायचे. पण काम चोख. तपासणीला दारात मोठा पंखा बसवून घरात हवा कोंडतात आणि किती गळते ते मोजतात. तेवढ्यापुरत्या हवेच्या जाळ्या चिकटपट्टीने बंद करायच्या असतात. तपासणी झाली की हवालदार पट्ट्या काढून जिन्याच्या दारामागे ओळीने चिकटवत आणि मोजूनच खाली उतरत. आठ घरं, बत्तीस जाळ्या, बत्तीस पट्ट्या. त्या दिवशी एकतीस भरल्या.

कुठली राहिली, हेही त्यांना आठवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात जाळीभोवतीचं सिमेंट ओलं होतं, आतून पट्टी टिकेना. म्हणून त्यांनी बांबूच्या परांचीवर चढून ती बाहेरून लावली होती. दुपारी परांची उतरवली गेली. आतून बघणाऱ्याला जाळी मोकळीच दिसायची. त्याच न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. हवा मिळाली नाही तर तो विषारी धूर सोडतो.

आम्ही इमारत बांधणाऱ्या मालकांकडे गेलो; मी त्यांचा हिशेबनीस, ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते म्हणाले, "काका, उद्या सकाळी माणसं राहायला येतायत. त्यांच्यासमोर भिंतीला शिडी लावली, तर कामात खोट आहे म्हणून बोंब होईल. चार दिवस जाऊ द्या."

"गिझर आहे तिथे," हवालदार म्हणाले.

"मग काय, लगेच कोणी मरतंय का? आणि पुढच्या इमारतीचं काम हवंय ना तुम्हाला?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मालक म्हणतात तसं करा." त्यांना काम देणारे आम्हीच उरलो होतो. त्यांनी शिडी आणली नाही.

सहा तारखेला सकाळी त्या घरातली सून आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. सासऱ्यांनी कडी तोडली. ती फरशीवर पडलेली, श्वास चालू होता. तिला दवाखान्यात नेलं.

कळताच हवालदारांनी कोणाला विचारलं नाही. रंगाऱ्याची लांब शिडी घेऊन आले, मला म्हणाले, "धरा." मी खाली धरून उभा राहिलो. पट्टी काढून ते उतरले आणि ती मुठीत धरून तसेच वर गेले. मी मागोमाग.

सासरे दवाखान्यात न्यायला कपडे भरत होते. हवालदार म्हणाले, "पट्टी माझी. काढायची राहिली."

"आज आठवलं?"

"नाही. तीन तारखेलाच."

सासऱ्यांच्या हातातली पिशवी खाली आली. "म्हणजे काल तुम्ही भिंतींना हात लावत हिंडत होतात, माझ्या सुनेने तुम्हाला चहा दिला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कशाला आला होतात मग?"

"सांगायलाच आलो होतो. गिझर लावू नका म्हणून." हवालदारांनी मुठीतली पट्टी उलगडली. "ती म्हणाली, घर किती शांत आहे, बाळ छान झोपतं. मग माझ्याच्याने बोलवेना."

सासरे दारापाशी गेले. दार उघडं धरून उभे राहिले. आम्ही बाहेर पडलो.

सून पाच दिवसांनी घरी आली. आता ओळखीच्या माणसांची नावं विसरते, असं कळतं. मालकांनी पुढच्या इमारतीसाठी दुसरा माणूस घेतला. हवालदार आता कुठेच कामाला जात नाहीत. मी दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा त्यांच्या बायकोने ते झोपलेत म्हणून सांगितलं.

शिडीचं त्या दिवसाचं भाडं एकशे चाळीस झालं. मी रंगाऱ्याला ते अजून दिलेलं नाही; वहीत ते कोणत्या कामापायी मांडायचं, हे मला ठरवता येत नाही.