वंशावळीतून गाळलेला खलाशी
डांबराचा वास आला की मला आमचा भाट आठवतो. तो जठारपेठेतल्या घरी वंशावळ वाचायला आला, तेव्हा बाहेर रस्ता होत होता. पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव त्यानं वाचलंच नाही. ते गाळलं असणार, असा मला संशय होताच. मुंबईहून मिळवलेली जहाजाची नोंद मी पुढे केली: खलाशी, राहणार अकोला, मेल्यास थोरल्या भावाला कळवावं. "समुद्र ओलांडला म्हणून तुमच्याच घरानं नाव काढाले लावलं, बाई," भाट म्हणाला. "मग आता लिहा!" मी म्हटलं. काका भडकले, "कायले लिहाले लावतं वं? तार आली तवा कोणी सुतक तरी पाळलं का?" तार? घरात तर तो बेपत्ता झाला असंच सांगायचे. उशिरा कळलेल्या मरणाची अंघोळ आईनं आणि मी लगेच केली. काकांनी केली नाही. आधीच ठाऊक असलेल्याला ती लागत नाही, हे मी अजून विसरलेले नाही.